मास्तरला सांगितलेली शहरं

१

नव्या शहरात, नव्या हॉटेलात शिरलो की आमचं पहिलं काम ठरलेलं असायचं. पिशव्या दारातच टाकायच्या, मास्तरचा हात भिंतीवर ठेवायचा आणि त्याला खोलीभर एक फेरी मारून आणायची. हे दार, हा दिव्याचा खटका, हे कपाट, याचा कोपरा टोकदार आहे, सांभाळ. ही तुझी खाट, ही माझी. ही खिडकी. खिडकीपाशी मास्तर थांबायचा, काच बोटांनी चाचपायचा आणि पूर्व कुठे ते विचारायचा. पूर्व कळल्याशिवाय गडी पुढे सरकायचा नाही. जन्मभर भूगोल शिकवलेला माणूस, त्याला खोलीसुद्धा नकाशासारखी लागायची.

मास्तर माझा शाळेपासूनचा मित्र. मी शिंपी. कोट शिवण्यात माझं नाव होतं. दुकान आता मुलगा बघतो, म्हणजे माझ्या मते बघत नाही, पण तो विषय वेगळा. मास्तरने भिंतीवर नकाशे टांगून पोरांना सगळं जग दाखवलं आणि स्वतः मात्र कुठे गेला नाही. निवृत्त झाल्यावर जाऊ म्हणायचा. निवृत्त झाला आणि त्याचे डोळे गेले. आधी कडेचं दिसेना, मग मधलं, आणि एका हिवाळ्यात उरलंसुरलंही गेलं. वहिनी म्हणाल्या, आता कसलं फिरणं. तर हा हट्टाला पेटला, की जायचंच, हा बघेल आणि मला सांगेल. हा म्हणजे मी.

निघायच्या दिवशी वहिनींनी मला बाजूला घेतलं. "भावोजी, त्यांचा हात सोडू नका. आणि दुकानात मारता तशा थापा त्यांना मारू नका." मी हसण्यावारी नेलं. आमच्या धंद्यात थापेशिवाय चालत नाही हे खरं. गिऱ्हाईक दारात उभं राहिलं की 'फक्त काजं राहिलीत' असं सांगायचं, मग कापडाला अजून कात्रीही का लागली नसेना. पण मास्तर काही गिऱ्हाईक नव्हता.

विमानात तो मला म्हणाला, "तू सांगशील तेवढंच मला दिसणार. आणि तेवढंच घेऊन मी मरेपर्यंत घरात बसणार आहे. तेव्हा बघून सांग, बाबा." त्याच्या आवाजात लाचारी नव्हती, पण मला उगाचच गहिवरून आलं.

पहिल्या शहरात मी अगदी इमानाने सांगितलं. मास्तरचा उजवा हात माझ्या डाव्या दंडावर, आणि आमची पद्धत अशी की आधी समोरचं सांगायचं, मग बाजूचं, मग लांबचं. काळपट दगडाच्या इमारती, उतरती छपरं, वाकड्या गल्ल्या, घंटा वाजवत जाणारी ट्राम. माणसांचं सांगताना माझी जीभ जरा जास्तच चालायची. कुणाचा खांदा उतरलाय, कुणाच्या कोटाला पाठीत चुणी पडलीय, कुठली बाई आपल्या बहिणीचा झगा घालून आलीय. मास्तर पोट धरून हसायचा. लोक वळून बघायचे. आपण दोघं म्हातारे अजून कामाचे आहोत असं त्या दिवसांत वाटायचं.

२

दुसऱ्या शहरात नदी होती आणि माझे गुडघे संपावर गेले होते.

जन्मभर मांडी घालून शिवण केल्यावर गुडघ्यांनी किती साथ द्यायची? सकाळभर फिरून झालं होतं. आम्ही नदीकाठच्या बाकावर बसलो, ऊन छान होतं, आणि मास्तरने विचारलं, "समोर काय आहे?" मी पूल सांगितला, होड्या सांगितल्या. त्याने विचारलं, आणखी? मी डोळे मिटले. म्हटलं, जरा मिटू, तोंड तर चालूच आहे.

खरं सांगतो, डोळे मिटून सांगणं फार सोपं गेलं. एक बाई कुत्र्याला घेऊन गेली, नव्हतीच. दोन मुली सायकलवरून गेल्या, त्याही नव्हत्या. मास्तर हं हं करत होता, पण त्या हुंकारात जीव नव्हता. मला वाटलं, याला वास लागला. खोटं खरं वाटायला हवं तर त्यात एखादी बारीक चूक टाकावी लागते, हे कुठल्याही शिंप्याला कळतं. फार सरळ शिवण दिसली की माणूस उलटं करून बघतोच. म्हणून मी म्हटलं, पुलाच्या तोंडाशी एक माणूस उभा आहे, करड्या कोटातला. कोटाचं कापड उत्तम, शिलाई गचाळ. पुरुषाच्या कोटाची डावी पट्टी वर यायला हवी, याची उजवी वर आलीय, बायकांसारखी. आणि डावी बाही आखूड. मनगट उघडं पडलंय बिचाऱ्याचं.

मास्तर एकदम ताठ बसला. त्याला तो माणूस फार आवडला. तो काय करतोय, कुणाची वाट बघतोय, टोपी आहे का, सगळं त्याने विचारून घेतलं. चेहरा कसा आहे असं विचारल्यावर मला पटकन काही सुचेना. मी म्हटलं, पाठमोरा आहे.

डोळे उघडले तर पुलाच्या तोंडाशी कुणीच नव्हतं. मास्तर प्रसन्न चेहऱ्याने तिकडेच तोंड करून बसला होता. मला जराशी लाज वाटली. पण ऊन छान होतं, आणि मी पुन्हा डोळे मिटले.

३

तिसरं शहर चढाचं. जिकडे तिकडे पायऱ्या, पायऱ्यांवर घरं, घरांवर पुन्हा पायऱ्या. हे शहर मी मास्तरला जवळजवळ सगळंच खोटं सांगितलं. आम्ही पहिल्याच वळणावरच्या कॉफीच्या दुकानात बसायचो आणि मी त्याला वरचा किल्ला सांगायचो, वरून दिसणारा समुद्र सांगायचो. एकदा तर त्याला दुकानाच्या गच्चीवर उभं केलं आणि आपण टेकडीच्या माथ्यावर आलो म्हणून सांगितलं. त्याने श्वास भरून घेतला आणि वारा वेगळा लागतो म्हणाला. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय ते मला त्या गच्चीवर कळलं. तरी उद्या खरं सांगू, उद्या खरं सांगू, असं करत मी कापडाला कात्री लावलीच नाही.

त्याच दुपारी त्याने सहज विचारलं, तुझा कोटवाला इथे नाही का आला? मी म्हटलं, आलाय की, तो काय, खालच्या पायरीवर. थट्टाच होती ती. मास्तरने मान हलवली. म्हणाला, मलाही वाटलंच, मघापासून त्याची बटणं कठड्याला घासतायत.

मी खाली बघितलं. लोखंडी कठडा होता, पायऱ्या होत्या, एक मांजर होतं. बटणं घासल्याचा आवाज मी जन्मभर ऐकलेला आहे. कान देऊन ऐकला तर मलाही ऐकू आला असं म्हणवत नाही, आणि आला नाही असंही म्हणवत नाही. मनाला समजावलं की आंधळ्या माणसाचे कान तिखट असतात, कुठल्यातरी खिडकीची कडी वाजत असेल. आणि शिवाय चोराच्या मनात चांदणं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दाढी करत होतो. मास्तर खोलीत भिंतीला हात लावत स्वतःच फिरत होता, त्याला तशी सवय झाली होती. बाहेरून म्हणाला, तू नवीन कोट घेतलास आणि मला बोललाही नाहीस, दाराच्या मागे टांगलायस तो. कापड मात्र अस्सल घेतलंस हो.

मी तोंडाला साबण तसाच ठेवून बाहेर आलो. दाराच्या मागे खुंटी होती आणि खुंटीवर काही नव्हतं. मास्तर खुंटीखाली उभा होता आणि त्याची बोटं हवेत, कापडाचा पोत बघावा तशी, एकमेकांवर घासत होती. मी प्रवासात कोट आणलेलाच नव्हता. माझ्याकडे फक्त स्वेटर.

तिथे मी म्हणायला हवं होतं की मास्तर, इथे काही नाही. पण तसं म्हटलं असतं तर पुलापासूनचं सगळं उसवत गेलं असतं. मी म्हटलं, हो, घेतला, तुला चकित करणार होतो. "बाही आखूड आहे रे डावी," मास्तर म्हणाला. "शिंप्याला शोभत नाही." आणि हसला.

४

चौथ्या शहरात मी ठरवून शहाण्यासारखा वागलो. दोन दिवस जे दिसलं तेच सांगितलं. सपाट शहर, रुंद रस्ते, काचेच्या छपराखालचा भलामोठा बाजार, चौकात उंच मनोरा. मास्तर ऐकायचा, पण त्याचं लक्ष लागत नव्हतं. मला वाटायचं, खऱ्याला चव राहिली नाही. एकदा तर तो म्हणालाच, तू हल्ली थकलायस, सकाळचं फार छान सांगतोस आणि संध्याकाळी नुसती यादी वाचतोस. सकाळी मी त्याला काहीच सांगितलं नव्हतं. सकाळी मी उशिरापर्यंत झोपलो होतो आणि तो खिडकीपाशी बसून होता. मी विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं.

बाजारात कोटांचं एक दुकान होतं. काचेमागे असा एक कोट उभा केला होता की काय सांगू! खांदा बघून माझ्या हाताला खाज सुटली. मास्तरला मी खांबाशी उभं केलं, इथेच थांब, जागचा हलू नकोस, म्हटलं, आणि काचेला नाक लावून बसलो. किती वेळ गेला मला माहीत नाही. कॉलर बघितली, खिसे बघितले, मग आत जाऊन अस्तरही बघून आलो. वहिनींचे शब्द एकदाही आठवले नाहीत, हे मी मुद्दाम सांगतोय.

परत आलो तर खांबाशी मास्तर नव्हता.

तोंडचं पाणी पळालं. बाजार पालथा घातला. ज्याला त्याला खुणा करून विचारलं, डोळ्यांवर हात ठेवून आंधळा, आंधळा करत राहिलो. माणसं बाजूला सरकायची. शेवटी फुलं विकणाऱ्या एका बाईने मनोऱ्याकडे बोट दाखवलं आणि दोन बोटं वर केली. मला वाटलं, दुसरा मजला म्हणतेय. तिने पुन्हा दोन बोटं दाखवली, मग ती एकमेकांना चिकटवून चालत गेल्यासारखी नेली.

त्या पायऱ्या मी कशा चढलो ते माझे गुडघे जाणोत. गोल जिना, अंधारा, भिंतीला गारवा. वरच्या वळणावरून मास्तरचं हसणं ऐकू येत होतं. हसायचा, थांबायचा, म्हणजे कुणीतरी बोलत असावं, पण ते बोलणं मला ऐकू येत नव्हतं. मग पुन्हा हसायचा. मी हाक मारली. वर कठड्याशी मास्तर एकटा उभा होता, वाऱ्याने केस उडालेले, उजवा हात पुढे, कुणाच्यातरी दंडावर ठेवावा तसा. पलीकडच्या उतरायच्या जिन्याच्या तोंडाशी करड्या कापडाची कड वळताना मला दिसली. म्हणजे दिसली असावी. प्रवासी येत-जात होते, थंड शहर होतं, करडे कोट तिथे कमी नव्हते.

मी त्याच्यावर ओरडलो. खांबाशी थांब म्हटलं होतं ना, कुणाबरोबर वर आलास? मास्तर गोंधळला. म्हणाला, कुणाबरोबर म्हणजे, तुझ्याबरोबर. तूच म्हणालास चल, आज वर जाऊ, आज सगळं खरं बघू. सबंध चढभर माझ्या हाताला तुझं उघडं मनगट लागत होतं, गारठलं होतं. मी म्हटलं पण, ही बाही सोडून लांब करून घे म्हणून.

मी स्वेटरच्या बाह्या खाली ओढल्या. त्या आधीच मनगटाच्या खाली होत्या.

"आणि काय सांगितलंस आज तू!" मास्तर म्हणाला. "असं तू कधीच सांगितलं नव्हतंस. खालचा चौक सांगितलास, बाजाराचं छप्पर सांगितलंस. आणि तो नदीकाठचा म्हातारा! बाकावर बसलाय, गुडघे चोळतोय, डोळे मिटलेले आणि तोंड मात्र आपलं चालूच. शेजारी त्याचा मित्र मान हलवतोय, त्याला सगळं खरं वाटतंय. हसूही आलं आणि वाईटही वाटलं रे."

या शहरात नदी नव्हती. मी कठडा धरला. मास्तरच्या चेहऱ्यावर टोमणा शोधला, निदान शंका शोधली. काही नव्हतं. तो मनापासून त्या म्हाताऱ्याची कीव करत होता. मला लाजेने तोंड कुठे लपवू असं झालं, आणि ज्याच्यापासून लपवायचं त्याला दिसत नव्हतं.

५

त्या दिवसानंतर खोलीबाहेर मी त्याचा हात सोडला नाही. जेवताना, चालताना, रांगेत, सतत. त्याला ते जड जात होतं, मला कळत होतं. माझ्या दंडावरचा त्याचा हात हलका झाला होता, नुसता टेकवल्यासारखा. उरलेली शहरं मी त्याला बघून सांगितली, अगदी कचऱ्याच्या डब्यांपर्यंत. तो बरं बरं म्हणायचा, जसं आपण दुकानदाराला म्हणतो.

परतीच्या दिवशी विमानतळावर आम्ही वेळेच्या फार आधी पोचलो. लांबलचक दालन, छतापर्यंत काचा, भर दुपारचं पांढरं ऊन. खुर्च्यांच्या रांगाच्या रांगा रिकाम्या होत्या. आम्ही मधल्या एका रांगेत बसलो, मी मास्तरच्या उजवीकडे. मी मनाशी ठरवलं होतं. घरी जाऊन हा वहिनींना ती गच्ची टेकडी म्हणून सांगणार, नातवंडांना तो समुद्र सांगणार, जो मी सुद्धा बघितलेला नाही. म्हातारपणी त्याच्यापाशी एवढंच असणार. विमान सुटायच्या आत सांगून टाकायचं. शिवी दिली तर खाऊ, मैत्री तोडली तर ती तोडण्याचा त्याला हक्क आहे.

आणि मी सांगितलं. अडखळत का होईना, सगळं सांगितलं. नदीकाठ, डोळे मिटलेले, बाई आणि कुत्रं, गच्ची, किल्ला, खुंटीवरचा कोट. कोटवाला मीच बनवला होता हेही सांगितलं. लहानपणी आईला कबुली देताना होतं तसं कान तापले होते.

मास्तर शांतपणे ऐकत होता. मी थांबल्यावर त्याने माझा हात थोपटला. "अरे, सकाळी सांगितलंस ना हे सगळं. रडलास केवढा. मी माफ केलं म्हटलं ना तुला. परत कशाला?"

सकाळी मी खाली सामान बांधून घेत होतो. खोलीत मास्तर एकटा होता.

मला आधी काय वाटलं ते सांगतो, कारण ते सांगायचीही लाज वाटते. भीती नंतर वाटली. आधी वाटला तो मत्सर. माझी माफी कुणीतरी घेऊन गेलं होतं. मी म्हटलं, "मास्तर, तो मी नव्हतो."

त्याचा डावा हात पलीकडच्या खुर्चीच्या हातावर होता, बोटं किंचित वाकलेली, दुसऱ्या कुणाच्या मुठीवर ठेवलेली असावीत तशी. मग तो माझ्याकडे वाकला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "मग बघ तो कोण आहे. माझ्या डावीकडे बसलाय. सगळं जग सांगतो, पण स्वतः कसा दिसतो ते सांगत नाही. तू बघ आणि मला सांग. एवढं एकदाच खरं सांग, मी मागचं काही काढणार नाही."

त्याची मान वळलेली होती, माझ्या बघण्याची वाट बघत. एवढ्या विश्वासाने माझ्याकडे त्याने पुन्हा काही मागितलं नसतं, हे मला तिथल्या तिथे कळत होतं. मी थोडा पुढे झालो. मास्तरच्या गुडघ्यापलीकडे नजर टाकली. नजर खालीच ठेवली होती. करडं कापड दिसलं, मांडीवर पसरलेलं. कडेला पांढरे कच्चे टाके अजून तसेच होते, पहिल्या मापाला उभा करतात त्या कोटाचे असतात तसे. लांबट, जरा तिरपे, दर चौथा टाका आखूड. तसा टाका घालणारा शिंपी मला एकच ठाऊक आहे, आणि त्याची बोटं माझ्याच हाताला आहेत. मान आणखी थोडी वर करायची होती. खांद्यापर्यंत. मग कॉलरपर्यंत. तिथून चेहरा वीतभर.

मी डोळे मिटले.

"कोणी नाही, मास्तर," मी म्हटलं. "खुर्ची रिकामी आहे."

"नीट बघितलंस?"

"बघितलं."

मास्तरने मान हलवली. रागावला नाही, हेच फार लागलं. माझ्या हातातला आपला हात त्याने सावकाश सोडवून घेतला, गुडघ्यावर पुसावा तसा ठेवला आणि डावीकडे वळला.

"तू म्हणाला होतास तसंच बोलला हा," तो हळू आवाजात म्हणाला.